वाण कुणाला द्यायचं नाही

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी आजवर शेकड्याने मेसेज टाकले असतील, पण गावाला आजही तोंडपाठ आहे तो एकच. भोगीच्या दिवशी सकाळी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी थापता थापता, मध्येच पिठाचे हात पुसून मी तो टाकला होता. ‘बायांनो, आपलं वाण आपल्यातच राहिलं पाहिजे. बाहेरच्या कुणालाही द्यायचं नाही. जी देईल तिचं सभासदत्व रद्द. यावर चर्चा नको.’ मेसेज टाकला, फोन फडताळात ठेवला आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. कसं ठणकावून सांगितलं, म्हणून स्वतःवरच खूश होते.

मला म्हणायचं होतं कांद्याचं वाण. म्हणजे कांद्याची आमची जात, आमचं बियाणं. पण दुसऱ्या दिवशी होती संक्रांत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बाईला आपण जी वस्तू देतो, गाळणी म्हणा, डबी म्हणा, हल्ली प्लास्टिकचं घमेलंसुद्धा देतात, तिलाही वाणच म्हणतात. भोगीच्या सकाळी कोणत्याही शहाण्या बाईने ‘वाण’ हा शब्द वाचला तर तिच्या डोळ्यांपुढे काय येईल? हे माझ्या लक्षात यायला मला सतरा दिवस लागले.

आधी सोसायटीचं सांगते. आमचं गाव चांदवड तालुक्यातलं, हमरस्त्यापासून बरंच आत. आम्ही तेवीस जणी. कागदावर संस्थेचं नाव एका श्वासात म्हणता येणार नाही इतकं लांब आहे. गाव म्हणतं ‘बायांची सोसायटी’, आणि सुरुवातीला तर हे म्हणताना गालातल्या गालात हसायचं. दूध संकलन केंद्र बंद पडलं होतं, त्याच्या ओट्यावर आमचं ऑफिस. काम एकच, उन्हाळ कांद्याचं बी तयार करायचं. कांदा निवडणं हे आमच्याकडे पहिल्यापासून बायकांचंच काम. कांदा साठवायच्या चाळीपुढे बसून, अंगठ्याने मान दाबून, कोणता कांदा दिवाळीपर्यंत टिकेल आणि कोणता महिन्याभरात नासेल, हे आम्हाला न बघता कळतं. पण त्या निवडलेल्या कांद्याचं बी झालं की ते अमक्या अण्णांचं बी, तमक्या नानांचं बी. एकदा चाळीपुढे बसल्या बसल्या हेच बोलणं निघालं आणि त्यातून सोसायटी निघाली.

चेअरमन मी झाले, कारण दुसऱ्या कुणी हात वर केला नाही. मीही केला नव्हता. पण मी मोठ्याने बोलते, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. निवडीच्या दुसऱ्या दिवशी टपरीवरच्या मंडळींनी माझ्या नवऱ्याचं ‘या चेअरमन, बसा चेअरमन’ करून स्वागत केलं. तोही बसला, चहा प्यायला आणि घरी येऊन मोठ्या कौतुकाने मला सांगू लागला. मी म्हटलं, “बरं झालं. मग उद्या तालुक्याला साहेबांपुढं उभं राहायला पण तुम्हीच जा.” त्यानंतर महिनाभर तो टपरीकडे फिरकला नाही.

आता माझ्या धाकट्या जावेचं सांगायला हवं, कारण सगळी काळजी तिचीच होती. माझा दीर गेला तेव्हा ती तिशीचीही नव्हती. वाटणीचं अर्धा एकर रान तिच्या नावावर लागलं, पण ते कसायचा माझा नवरा, आणि ती मात्र आमच्या मजूर बायांच्या ओळीत खुरपायला बसायची. म्हणजे स्वतःच्या रानात स्वतःच मजूर. मला हे दिसत नव्हतं असं नाही. रोज दिसत होतं. मी बोलत नव्हते, कारण आमचं बरं चाललं होतं. सोसायटीचा पहिला बियाण्याचा प्लॉट कुणाच्या रानात घ्यायचा हा प्रश्न आला, तेव्हा ती मागच्या रांगेतून हळूच म्हणाली, “माझं रान घ्या ना, ताई.” एवढ्या वर्षांत तिने ‘माझं रान’ हे शब्द उच्चारलेले मी पहिल्यांदा ऐकले.

नवऱ्याने कुरकुर करत होकार दिला, पण चार लोकांदेखत अट घालून. त्याच्या मनात तिथे द्राक्षबाग होती. आमच्या बागेला लागूनच तो तुकडा, एका ओळीत खांब पुढे न्यायचे की झालं. तो म्हणाला, “एक साल देतो. बी सरकारी तपासणीत पास झालं तर रान तिचं तिनं बघावं, मी मधी येणार नाय. नापास झालं तर पुढच्या साली तिथं बाग.” बाग एकदा उभी राहिली की पंधरा-वीस वर्षं हलत नाही. म्हणजे जावेचा सातबारा कपाटात आणि ती पुन्हा खुरपणाऱ्यांच्या ओळीत. खरं सांगायचं तर बाग झाली असती तर फायदा माझ्याच घराचा होता, आणि हा हिशेब माझ्या मनात येऊनही गेला होता. आज लिहिताना लाज वाटते, पण आला होता.

तर तो मेसेज. आमच्या एका सभासद बाईने निवडलेल्या कांद्यांतले पाटीभर कांदे गुपचूप सायखेड्याला बहिणीकडे पोचवले. मला कळलं भोगीच्या सकाळी. सहा महिने चाळीत डोळ्यांत तेल घालून जपलेला माल असा नात्यागोत्यात वाटला जायला लागला तर आमच्या बियाण्याला वेगळेपण काय राहणार? माझं डोकं फिरलं आणि मी तो मेसेज ठोकून दिला. दुपारी नाशिकला निघून गेले. तिथे महिला संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी पाच दिवसांचं शिबिर होतं. पहिल्याच दिवशीचा विषय होता ‘संवाद कौशल्य’. मी पहिल्या रांगेत बसून सगळं वहीत लिहून घेत होते. इकडे गावात माझ्या संवादाने काय उजेड पाडला होता, त्याचा मला पत्ताच नव्हता.

परत आले तर गाव जरा गारच वाटलं. गिरणीवर दळण घेऊन गेले, तर गप्पा मारणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. मी ‘काय गं, बरं आहे ना?’ म्हटलं तर एकीने नुसतं डब्याचं झाकण लावलं. किराणा दुकानात एक म्हातारी माझ्याकडे बघून दुसरीला म्हणाली, “आता मोठी मान्सं हायेत ती.” मला वाटलं, जळतात. सोसायटीचं चांगलं चाललंय, ते यांना बघवत नाही. असं वाटून घेणं फार सोपं असतं आणि त्यात एक सुखही असतं. मी ते सुख दहा-बारा दिवस उपभोगलं.

मग एका सकाळी कृषी सहायक मुलगी प्लॉट बघायला आली. आमच्या कांद्यांना डोंगळे आले होते. डोंगळा म्हणजे कांद्याचा फुलाचा दांडा, टोकाला बोंड असलेला. ते बोंड फुललं की त्यातच बी धरतं. बोंडं अजून मिटलेली होती. पोरगी खूश झाली, म्हणाली, “काकू, आठ दिवसांनी तपासणीला साहेब येतील. सुंदर आहे प्लॉट.” आणि वळता वळता बांधापलीकडे बघून ती थबकली. “काकू, ते काय आहे?”

पलीकडे आमच्या शेजारणीचा मळा. मध्ये तिचा मका उभा होता तोवर काही दिसत नव्हतं. मका आदल्याच दिवशी कापला होता, आणि आता विहिरीच्या कडेला दोन वाफे डोंगळे सरळ ताठ उभे दिसत होते. लाल कांद्याचे. किलोमीटरभराच्या आत दुसऱ्या जातीचा डोंगळा फुलला तर आमचं बी बाद. मधमाशीला बांध कळत नाही. ती लालवरून उठून आमच्या फुलावर बसणार, बी मिसळणार, आणि साहेबांनी ते वाफे बघितले की त्यांच्या कागदावर पहिला शेरा नापासाचा. जाऊ माझ्या शेजारी उभी होती. ती आमच्या बागेच्या खांबांकडे बघत राहिली.

नवरा म्हणाला, “मी बोलतो तिच्या घरच्याशी.” शेजारणीचा नवरा पिकअप चालवतो, तो हमरस्त्यावर भेटला. त्याने हात झटकले. “रान ती बघती, तिलाच इचारा.” नवरा मळ्यात गेला आणि दहा मिनिटांत परत आला. हसू दाबत मला म्हणाला, “ती इचारू राहिली, चेअरमन तुम्ही का तुमची बायको? बायको आसंल तर तिला पाठवा.”

मी पदर खोचून निघाले. शेजारीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. एरवी मला ‘आक्का’ म्हणणारी, अगं-तुगं करणारी, माझ्याकडून हक्काने लोणचं मागून नेणारी. विहिरीजवळ बसून ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मला बघून उठली नाही.

“या चेअरमनबाई. काय काम काढलंत?”

हे ‘काढलंत’ माझ्या कानाला टोचलं, पण मी घाईत होते. मी तिला नियम सांगितला, अंतर सांगितलं, तपासणी सांगितली. शिबिरात शिकवल्याप्रमाणे मुद्देसूद बोलले. तिने एक जुडी बांधली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

“नाय उपटायची मी.”

“अगं, दोन वाफ्यांचा प्रश्न आहे. तुला काय पाहिजे ते सांग ना.”

“मला पाहिजे ते द्यायचं नाय, आसं तुम्हीच तर लिवलंय.”

“मी? काय द्यायचं नाही म्हणून?”

“वाण,” ती म्हणाली. आणि मग तिचा बांध फुटला. “संक्रांतीला तुमच्या जावेच्या रानात सतरंजी टाकून तुमच्या बाया हळदीकुंकू करत होत्या. हसणं मला हितं ऐकू येत व्हतं. मी नवं लुगडं नेसून बसले, म्हटलं आता हाक येईल, मंग हाक येईल. नाय आली. दुसऱ्या दिवशी गावात कळलं का चेअरमनबाईंचा हुकूम हाय, बाहेरच्या बाईला वाण द्यायचं नाय. मी बाहेरची? तुमचा दीर गेला त्या साली तुमच्या जावेला हळदीकुंकवाला कुणी बोलवलं व्हतं? तुम्ही बोलवलं व्हतं?”

मी बोलावलं नव्हतं. आमच्याकडे विधवेला बोलवत नाहीत, आणि मी त्या वर्षी रीत पाळली होती. जाऊ माजघरात बसून होती आणि मी ओसरीवर बायकांना कुंकू लावत होते.

“मी बोलवलं,” शेजारीण म्हणाली. “माझी सासू तोंड फिरवून बसली तरी बोलवलं. कपाळाला कुंकू लावलं, स्टीलची वाटी दिली. त्यापास्नं दर साली देती. आन् या साली तिच्याच रानात हळदीकुंकू, आन् मी बांधावर.”

आता इथे एखाद्या भल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मला हसू फुटलं. इतकी उकल एकदम झाली, गिरणीवरचं मौन, म्हातारीचा टोमणा, सगळं, की पोटातून हसू उसळलं आणि थांबेना. तिने हातातली मेथीची जुडी माझ्या अंगावर फेकली. बरोबरच केलं.

मी खाली मातीत बसले. म्हटलं, “अगं बाई, कांद्याचं वाण! बियाणं! सायखेड्याला पाटी गेली म्हणून मी पेटले होते. हळदीकुंकवाचं कोण कशाला बंद करेल?” ती माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलतेय का, हे तपासत असावी.

“मंग तेवीस बायांतल्या एकीला बी इचारावंसं वाटलं नाय?”

“मी पण तेच म्हणते. एकीने तरी फोन करायचा!”

“वाटलं आसंल,” ती म्हणाली. “पण ‘चर्चा नको’ कुणी लिवलं व्हतं?”

माझ्या बायकांना तो हुकूम विचित्र वाटला होता, हे मला पुढे कळलं. दोघीतिघींनी आपापसात विचारलंही होतं, की ताईंना झालंय तरी काय. पण माझ्या तोंडी कोण लागणार, म्हणून गप्प बसल्या आणि आज्ञाधारकपणे साऱ्या गावाला दुखावून मोकळ्या झाल्या. ज्या बायकांना बोलतं करायला मी सोसायटी काढली असं मी शिबिरात सांगून आले होते, त्यांची तोंडं मीच बंद केली होती. इतके दिवस मला वाटत होतं की माझा धाक म्हणजे संस्थेची शिस्त.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. हे दोन शब्द मी लग्न झाल्यापासून नवऱ्यालासुद्धा कधी म्हटले नव्हते.

ती मेथीची जुडी उचलून, झटकून, पुन्हा बांधायला लागली. “जा आता. मला बाजारला द्यायच्यात.” डोंगळ्यांचं ना हो, ना नाही. मी उठले आणि परत विचारायचा धीर मला झाला नाही.

रथसप्तमी तोंडावर आली होती. त्या संध्याकाळी आम्ही काही जणी घरोघर गेलो. प्रत्येक उंबऱ्यावर मी घोटाळा सांगायचे, बायका पोट धरून हसायच्या, आणि दोन-तीन ठिकाणी आधी चार शब्द ऐकवून मग हसायच्या. दुसऱ्या दिवशीचं हळदीकुंकू आमच्याच घरी ठरलं, सगळ्या गावाला आमंत्रण. कुंकू जावेने लावायचं, हेही ठरलं. ते मी ठरवलं नाही. ते बाकीच्या बायकांनी ठरवलं आणि मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेणाने ओटा सारवत होते, तर जाऊ रानातून धापा टाकत आली. “ताई, ती डोंगळे उपटू राहिली.”

“देव पावला!” मी म्हटलं.

“ताई, ते तिच्या आईचं बी हाय.”

शेजारणीचं माहेर कळवणकडचं. तिच्या आईकडे हा लाल कांदा होता, बुटका, घट्ट, भाकरीबरोबर फोडून खायला गोड. लग्नानंतर आईने तिला ओंजळभर बी पदरात बांधून दिलं होतं. आई गेली, भावांनी कांदा सोडून डाळिंब लावलं, आणि आता ते बी तिच्या विहिरीकडच्या दोन वाफ्यांशिवाय कुठेच उरलं नव्हतं. दर वर्षी ती चांगले कांदे निवडून लावायची आणि तेवढ्यापुरतं बी धरायची. जावेला हे ठाऊक होतं, कारण ते कांदे निवडायला ती दर वर्षी तिच्याजवळ जाऊन बसायची. मला ठाऊक नव्हतं. बांधाला बांध लागून इतकी वर्षं काढली आणि मी कधी विचारलं नव्हतं.

आम्ही पळतच गेलो. दोन्ही वाफे रिकामे झाले होते. बांधावर डोंगळ्यांचा ढीग पडला होता आणि ती विहिरीवर हात धूत होती. “झालं बघ तुझं काम,” ती म्हणाली. पुन्हा ‘तू’वर आली होती, आणि तेच मला सोसवेना.

अशा वेळी माझ्या तोंडून हुकूम निघतात. हे उचला, ते आणा. त्या दिवशी एकही निघाला नाही. मी जावेकडे वळून विचारलं, “काय करायचं गं?”

तिने ढिगाजवळ बसून एकेक कांदा उलटून पाहिला. मुळांना माती होती त्यांची वेगळी ओळ लावली. मग म्हणाली, “हे जगतील. पण हितं नाय. गावातल्या घरी, आपल्या परसात. ओढ्यापलीकडं हाय, लांब पडतं. आन् वरून मच्छरदाणी घालू, म्हंजी माशी आतली बाहेर नाय आन् बाहेरची आत नाय.” आजवर मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं, म्हणून ती कधी काही सांगत नव्हती, इतकं ते साधं होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळून आम्ही पाट्या डोक्यावर घेतल्या. घरी पोचेपर्यंत फोनाफोनी झाली होती आणि परसात दोन मच्छरदाण्या हजर होत्या. त्यातली एक माझ्या मुलीच्या बाळंतपणातली, तिच्यावर बदकं छापलेली. संध्याकाळी ठरल्याप्रमाणे जावेने सगळ्या गावाला कुंकू लावलं.

पुढचा महिनाभर आमच्या परसात तो एक नवाच उद्योग चालू होता. आत माशी जाणार नाही म्हटल्यावर माशीचं काम माणसाने करायला हवं. कृषी सहायक मुलीने दाखवलं त्याप्रमाणे दव सुकल्यावर दोघी-दोघी मच्छरदाणीत शिरायच्या आणि एका फुलावरून तळवा फिरवून तो दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर फिरवायच्या. हलक्या हाताने, लेकराच्या टाळूवरून फिरवतात तसा. पाळ्या जावेने लावल्या. माझी पाळी मंगळवारी आणि शनिवारी होती, आणि उशीर झाला की ती मला ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारायची. निम्मे डोंगळे सुकून गेले. बाकीचे धरले.

साहेब ठरल्या दिवशी आले, प्लॉटभोवती फिरले, बांधापलीकडच्या रिकाम्या वाफ्यांवर नजर टाकून पुढे गेले. प्लॉट पास झाला. पुढच्या वर्षी त्या बियाण्याचा कांदा ज्यांच्या ज्यांच्या रानात आला तिथे तो एका रंगाचा आला, एकही लाल त्यात निघाला नाही. बागेचा विषय नवऱ्याने पुन्हा काढला नाही. त्याने शब्द पाळला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. जावेच्या रानात आता काय लावायचं ते जाऊ ठरवते. नांगरटीला ती माझ्या नवऱ्याला बोलावते, आणि त्याला तिने दिलेल्या वेळेवर ट्रॅक्टर घेऊन जावं लागतं. तो ‘आलो, आलो’ करत चहा अर्धा टाकून निघतो, तेव्हा मी त्याच्याकडे बघायचं टाळते, नाहीतर भांडण व्हायचं. मी आजही चेअरमन आहे, पण ग्रुपवरचे मेसेज आता जाऊ लिहिते. शेवटी ती न विसरता घालते, ‘कुणाला काही विचारायचं असल्यास विचारावे.’ आणि बायका विचारतात. इतकं विचारतात की मला कधीकधी जुने दिवस बरे वाटतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या वैशाखातलं. परसातली बोंडं वाळली, आम्ही ती खुडून, चोळून, काळं बी वेगळं केलं. शेजारीण सूप घेऊन पाखडायला बसली होती आणि मी समोर बसून खडे निवडत होते. सगळं मिळून जेमतेम वाटीभर भरलं. ती ते बी बोटांनी सारखं करत होती, पुन्हा पुन्हा. मला राहवलं नाही.

“त्या दिवशी मी विहिरीवर आले होते, तेव्हा का नाही सांगितलंस? हे आईचं बी आहे, कुठंच उरलेलं नाही, म्हणून?”

“सांगितलं आसतं तर तू माघारी गेली आसती.”

“गेलेच असते.”

“मंग?” ती म्हणाली. “तू माघारी गेली आसती आन् तुझ्या जावेच्या रानात खांब उभे राह्यले आसते. माझी आई गेली, आक्का. एकदाच गेली. हिला रोज दुसऱ्याच्या मागं स्वतःच्या रानात जावं लागलं आसतं, आन् मी ते रोज माझ्या विहिरीवरून बघितलं आसतं.”

सूप तिच्या मांडीवर होतं. जाऊ आत चहा टाकत होती, तिला हे ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. मी तिची थोरली जाऊ. एका घरात राहून तिचं दुःख मी रोज बघितलं होतं आणि मला ते चालत होतं. या बाईचं तिच्याशी नातं काय, तर एक बांध.

मी उठले आणि वाकून शेजारणीच्या पाया पडले. ती दचकून मागे सरकली, बी सांडू नये म्हणून सूप दोन्ही हातांनी वर धरलं आणि ओरडली, “आक्का, आगं लहान हाय मी तुझ्यापरीस! पाप लागंल मला!”

मी म्हटलं, “तू नीट बस. मला पडू दे.”